अडकलेल्याचा फोन कापायचा नाही

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट अडकली तेव्हा आत तीन राक्षस आणि एक बाई होती. राक्षसांपैकी जो सगळ्यात भयंकर दिसत होता, डोक्यावर पुठ्ठ्याची वळलेली शिंगं, डोळ्यांभोवती काजळी, गळ्यात ऑफिसचा टाय, तोच त्या लिफ्टचा मेकॅनिक होता. लिफ्टमध्ये कुणीही अडकावं, पण सोडवायला ज्याने यायचं त्यानेच आत अडकून बसावं, याला काय म्हणायचं?

ही वेळ त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती. ती कशी, ते आधी सांगायला हवं.

बँडचं नाव 'जबडा'. लिफ्टच्या पोटाखाली लोखंडी जबडे असतात. लिफ्टची गाडी भलत्याच वेगाने खाली यायला लागली की ते दोन्ही बाजूंचे रूळ करकचून धरतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. नाव मेकॅनिकनेच सुचवलं होतं. बँडमध्ये तो गायचा. गायचा म्हणजे पोटातून घोगरं गुरगुरायचा, किंचाळायचा. एकदा शेजारणीने दार वाजवून विचारलं होतं, घरात कुणाला उलट्या होतायत का, लिंबू देऊ का. गिटार वाजवणारा शाळेत भूमिती शिकवायचा, म्हणून तो मास्तर. ड्रम वाजवणारा बेकरीत भट्टीवर होता. त्याला सगळे टोस्ट म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. सहा वर्षं हे तिघे एका गोदामाच्या मागच्या खोलीत वाजवत होते आणि ऐकणाऱ्यांचा आकडा पन्नासच्या पुढे कधी गेला नव्हता. त्यातही निम्मे टोस्टचे नातेवाईक.

मग मास्तरची मावसबहीण मध्ये पडली. ती ऑनलाइन दुकानांसाठी किटल्या आणि चपलांचे फोटो काढायची, आणि किटलीतही जीव ओतायची असं मास्तरचं म्हणणं होतं. तिने या तिघांचे जुने व्हिडिओ पाहिले. एकात ते धुक्यात उभे होते, दुसऱ्यात मेणबत्त्या लावून बसले होते. पाहून झाल्यावर तिने लॅपटॉप मिटला.

"तुम्ही घाबरवायला जाता आणि माणूस हसतो," ती म्हणाली. "मग हसवायलाच जा ना. राक्षस लिफ्टने ऑफिसला निघालेत. तिघेही सभ्य. एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणतायत. मध्येच एक साधं माणूस आत येतं आणि दाराकडे तोंड करून उभं राहतं. मागे तुमचा हा सगळा धिंगाणा. त्या माणसाची पापणीसुद्धा हलत नाही."

टोस्ट एवढा हसला की त्याला ठसका लागला. मास्तरही हसला. मेकॅनिक हसला नाही, कारण मावसबहिणीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आणि खाली गाण्याचे शब्द धावतील. हा एवढ्या भयंकर आवाजात काय ओरडतोय ते लोकांना वाचता येईल. शब्द कुठायत?"

"देतो नंतर," मेकॅनिक म्हणाला.

दीड महिना तो 'देतो नंतर'च म्हणत होता. सहा वर्षांत मास्तर आणि टोस्टलाही त्याच्या गाण्यांतलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांना वाटायचं, रक्त, हाडं, स्मशान असलं काहीतरी असणार. कुणी विचारलंही नव्हतं, आणि त्याला तेच हवं होतं. भर सभेत उभं राहून मनातलं सगळं बोलायचं आणि ते कुणालाच कळू नये, अशी सोय जगात दुसरीकडे कुठे आहे? बायकोलाही न सांगितलेलं तो पन्नास माणसांसमोर ओरडून सांगायचा, माणसं टाळ्या वाजवायची आणि तो हलका होऊन घरी जायचा.

कारण गाणी सगळी बाबांवर होती.

बाबाही लिफ्टचेच मेकॅनिक. सदतीस वर्षं एकाच कंपनीत. त्यांनीच मुलाला कामाला लावलं, हाताला धरून शिकवलं. त्यांचे नियम ठरलेले होते. माणूस आत अडकला की आधी त्याच्याशी बोलायचं, मग हत्यार उचलायचं. 'घाबरू नका, मी येतोय,' हे सांगत राहायचं. आणि अडकलेल्याचा फोन कापायचा नाही. तो बोलो, रडो, शिव्या घालो, बाहेर येईपर्यंत फोन चालू. महिनाअखेरीला बाबा निवृत्त होणार होते. त्यांची जागा, त्यांच्या सव्वादोनशे लिफ्ट, त्यांची किल्ल्यांची जुडी, सगळं मुलाकडे यायचं होतं. त्यासाठी ते साहेबांच्या केबिनबाहेर तीन दिवस बसले होते. जन्मात कुणापुढे हात न पसरणारा माणूस. मंजुरीचा कागद आता घरी फ्रिजवर, साखरेच्या डब्याखाली ठेवलेला होता. सोमवारी त्यावर सही करायची होती. बाबा रोज सकाळी तो कागद तिथेच आहे ना, एवढं बघायचे आणि पाणी पिऊन जायचे.

मेकॅनिकला ही सही करायची नव्हती. हे काम त्याला अकरा वर्षांत एक दिवसही आवडलं नव्हतं. पण हे बाबांना सांगणार कोण? साधा 'नाही' हा शब्द त्यांच्यासमोर तोंडातून निघत नव्हता. जेवताना तो तीन वेळा बोलायला गेला आणि तिन्ही वेळा त्याने भाजी मागितली.

तर, रविवारचं शूटिंग. पाच मजली व्यापारी इमारत, सुट्टीमुळे सगळी कार्यालयं बंद. लिफ्ट मेकॅनिकच्याच ताब्यातली, म्हणून जागा फुकट. रखवालदाराला त्याने आधीच बजावलं, "काका, आज आरडाओरडा ऐकू येईल. कितीही ओरडलो तरी वर येऊ नका. गाण्याचं शूटिंग आहे." रखवालदाराने समंजसपणे मान हलवली आणि रेडिओ मोठा केला.

मावसबहिणीने लिफ्टच्या बटणांवर रंगवलेला पुठ्ठा चिकटवला. त्यावर मजल्यांऐवजी 'नरक', 'नरक पोटमाळा', 'हिशेबनीस' आणि 'उपाहारगृह' अशी बटणं होती. फोन सगळ्यांचे बाहेर. मेकॅनिकचा ड्यूटीचा फोनही तिने त्याच्या पिशवीत कोंबला आणि पिशवी तिसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकवली. आत तिचा एकच जुना फोन, गाणं वाजवण्यापुरता. पत्र्याच्या त्या पेटीत त्याला रेंज कुठली असायला! दाराकडे तोंड करून उभं राहायला तिची घरमालकीण येणार होती, पण ऐन वेळी बाईंचा गुडघा धरला. "त्यांचा शॉट नंतर बघू," मावसबहीण म्हणाली. "आधी तुमची डोकी घ्या."

डोकी म्हणजे डोकी हलवणं. तालावर केस झटकत कंबरेतून खाली वर. तिघांनी एकदम, एका ठेक्यात. टोस्ट शंभर किलोचा गडी, त्याच्यासमोर ड्रम आणि झांज. मेकॅनिक आयुष्यभर पोराटोरांना ओरडत आला होता, लिफ्टमध्ये उड्या मारू नका रे. पण ठेका धरला की माणसाचं काय चालतं? चौथ्या टेकला तिघे नेमके एकाच वेळी खाली दणकले, पायाखाली खडाक् असा आवाज झाला, गाडी हिसका देऊन थांबली आणि पंखा बंद पडला.

"मस्त!" मावसबहीण कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली. "हे ठरवलं होतं?"

मेकॅनिकने पायाखाली बघितलं. आवाज त्याच्या ओळखीचा होता. तिघांच्या दणक्याने जबडे बसले होते.

आतलं दार त्याने हाताने सरकवलं. समोर भिंत. वर चार बोटांची फट, तीही चौथ्या मजल्याच्या उंबऱ्याखालची. छतातली झडप बाहेरून खिटीने बंद. जबडे सोडवायचे तर गाडी थोडी वर घ्यावी लागते, आणि ती वर घेणारं चाक गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. त्या खोलीची किल्ली मेकॅनिकच्या कमरेला होती. त्याने ती हातात घेतली, बघितली आणि परत लटकवली.

मग चौघे ओरडले. जिवाच्या आकांताने ओरडले. मेकॅनिकचा तो सहा वर्षं कमावलेला आवाज, टोस्टचा भट्टीवरचा आवाज, मास्तरचा वर्गातला आवाज. "वाचवा! काका! वर या!" खाली रखवालदाराने हसून मान हलवली असणार, कारण रेडिओ आणखी मोठा झाला.

"घंटीचं बटण असेल ना?" मास्तरने विचारलं.

होतं. 'उपाहारगृहा'च्या खाली. मेकॅनिकने पुठ्ठ्याची खालची कड उचलली आणि बटण दाबून धरलं. दोन क्षण गेले. मग बाहेर, अगदी जवळ, भिंतीपलीकडे, तिसऱ्या मजल्यावर टेकवलेल्या पिशवीत एक फोन वाजायला लागला.

चौघांनी कान टवकारले. टोस्टचा चेहरा उजळला. "कुणीतरी आहे बाहेर!"

"तो माझा फोन आहे," मेकॅनिक म्हणाला. "लिफ्टमध्ये कुणी अडकलं की मला फोन येतो."

सहा घंट्या झाल्या आणि फोन दमून गप्प बसला.

"मग आता?"

"मी उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर जातो."

"अरे मग सुटलो की! दुसरा नंबर कुणाचा?"

"बाबांचा."

लिफ्टमधल्या माणसांना ऐकू यावं म्हणून पत्र्यात बारीक भोकांमागे स्पीकर असतो. मेकॅनिक त्याला कान लावून उभा राहिला. काहीच नाही. खरखरही नाही. बाबा रविवारी जेवून आडवे होतात, फोन स्वयंपाकघरात राहतो. उचललाच नसणार. त्याला एकदम हायसं वाटलं आणि लगेच हायसं वाटल्याची लाज वाटली. तोंडावर काजळी, डोक्यावर शिंगं, कंपनीच्या लिफ्टमध्ये हा तमाशा. हे बाबांनी बघण्यापेक्षा संध्याकाळी सहाला रखवालदार फेरीला येईपर्यंत इथेच बसलेलं काय वाईट?

आता एक गोष्ट मेकॅनिकच्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. तो स्पीकर तीन महिन्यांपूर्वीच मेला होता. बदलायला वेळ झाला नाही, म्हणून दर महिन्याच्या तपासणीत त्याने त्यासमोर 'ठीक' लिहिलं. तीन वेळा 'ठीक' लिहिल्यावर त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. आणि फोन लागला की पेटणारा हिरवा दिवा होता बरोबर 'नरक पोटमाळ्या'मागे, पुठ्ठ्याखाली.

अर्धा तास गेला. हवा जड झाली. टोस्ट ड्रमवर बसला, मास्तर गिटार मांडीवर घेऊन कोपऱ्यात. मेकॅनिक मात्र उभाच. तळवे घामाने ओले, पाठ पत्र्याला चिकटलेली, श्वास तोकडा. कपाळावरची काजळी ओघळून नाकापर्यंत आली.

"तुला काय होतंय?" मावसबहिणीने विचारलं. "बरं वाटत नाहीये का?"

"मला बंद लिफ्टची भीती वाटते," मेकॅनिक म्हणाला.

टोस्टला वाटलं थट्टा आहे. तो हसला, मग त्याने मेकॅनिकच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"तू अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोयस."

"हो. अकरा वर्षं वाटते."

मावसबहीण त्याच्याजवळ सरकली. बाई कामाची पक्की होती, पण आवाज तिने मऊ केला. "बोलत राहा काहीतरी. बोललं की श्वास सुटतो. गाण्याचे शब्द सांग. साध्या आवाजात सांग, मी लिहून घेते. इथून तू पळून तर जाऊ शकत नाहीस."

ते मात्र खरं होतं. देतो नंतर म्हणून निघून जायला दारच नव्हतं. मेकॅनिकने डोळे मिटले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आपलं गाणं साध्या, सपाट आवाजात, एक एक ओळ थांबून म्हटलं.

"खाली उतर म्हणालास, उतरलो.
पाना शोध म्हणालास, शोधला.
माझं वय नऊ, माझ्या हातात तुझा पाना,
आणि वरून सगळं छप्पर खाली येतंय.
तू हसलास. तुझे मित्र हसले.
बाबा, दार उघड.
मी अजून खालीच आहे.
बाबा, दार उघड."

मावसबहिणीची पेन्सिल थांबली. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिला. "हे आपलं 'पाना' गाणं?" तो म्हणाला. "आपण हे 'पाना' वाजवतो? मला वाटायचं, त्यात कुणाचं तरी मुंडकं उडवतात."

मग मेकॅनिकने राहिलेलंही सांगितलं. थांबवताच येईना त्याला. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा त्याला कामावर घेऊन गेले होते. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, त्यात पाना पडला. पोरगा बारीक, चटकन उतरेल, म्हणून बाबांनी त्यालाच उतरवलं. वारा येतो म्हणून कुणीतरी दार लोटलं आणि तेवढ्यात वरून लिफ्ट आली. अंधारात ते काळं धूड डोक्यावर उतरत आलं आणि थांबलं. खड्ड्यात उकिडवं बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हातभर जागा राहते. हे बाबांना माहीत होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाहेर काढलं तेव्हा बाबा हसत होते. म्हणाले, बघा, पोरगं ओरडलंसुद्धा नाही, पक्का मेकॅनिक होणार. सगळ्यांनी पाठ थोपटली. माझी चड्डी ओली होती, ती मी शर्ट ओढून झाकली." त्याने ओघळलेली काजळी बाहीला पुसली. "त्या दिवशी ओरडलो असतो तर बरं झालं असतं. उद्या सही आहे. सव्वादोनशे लिफ्ट. मला नकोत त्या. एकही नको. पण ते तीन दिवस बसले होते रे साहेबाच्या दारात. माझ्यासाठी. त्यांना कसं सांगू?"

टोस्टने नाक ओढलं. रंग लागलेल्या तोंडाने राक्षस रडताना बरा दिसत नाही, पण तिथे बघायला कोण होतं?

"हे मी लिहिणार नाही," मावसबहीण म्हणाली आणि तिने वही मिटली. "राहू दे. काहीतरी खोटं लिहू. मुंडकीबिंडकी."

आणखी वीस मिनिटं गेली. वहीचा पंखा करून चौघे आळीपाळीने वारा घेत होते. आणि मग वर, खूप वर, लोखंडी दार उघडल्याचा आवाज झाला. त्यामागून लिफ्टच्या भुयारातून एक आवाज खाली आला, अजिबात घाई नसलेला.

"दाराला हात लावू नका. गाडी वर घेतोय."

हा आवाज मेकॅनिकने झोपेतही ओळखला असता.

गाडी एकदा थरथरली, खालचे जबडे सुटल्याचा आवाज झाला आणि बोट बोट करत ती वर सरकायला लागली. चौथ्या मजल्याचा उंबरठा समोर आला आणि थांबला. जिन्यावर चपलांचा आवाज, मग दारात किल्ली. दार उघडलं.

बाबा घरातल्याच कपड्यांत होते. बंडीवर शर्ट घातलेला, दोन बटणं चुकलेली, एका खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात त्यांची किल्ल्यांची जुडी. त्यांनी एकेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं, दुखापत नाही याची खात्री केली. मग शर्टाच्या खिशातून चालू फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि कापला.

"एक तास सात मिनिटं," ते म्हणाले.

मेकॅनिकने त्या फोनकडे बघितलं. "तुम्ही... फोन उचलला होतात?"

"दुसऱ्या घंटीला."

"मग बोलला का नाहीत?"

"घरापासून बोलतोय. बसमध्ये बोलत होतो, लोक बघायला लागले. तुला ऐकू गेलं नाही. स्पीकर मेलाय." त्यांनी पुठ्ठ्याची कड उचलून हिरवा दिवा बघितला, वरचं 'नरक पोटमाळा' वाचलं आणि पुठ्ठा परत नीट दाबून बसवला. "तीन महिने 'ठीक' लिहितोयस."

"काय बोलत होतात?" मेकॅनिकने विचारलं.

"अडकलेल्या माणसाला बोलतात तेच. घाबरू नकोस. मी येतोय."

मास्तरने उगाच गिटारची एक तार पिळली. पळायला वाट मोकळी होती, तरी मेकॅनिक लिफ्टच्या आतच उभा होता. बाबांनी सगळं ऐकलं होतं. पाना, खड्डा, ओली चड्डी, सही. सव्वादोनशे लिफ्ट. आता ते काही बोलतील म्हणून तो वाट बघत राहिला. त्या क्षणी त्याला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत मारावी म्हणजे सुटेन.

"नऊ नाही, आठ," बाबा म्हणाले. "तिसरीत होतास." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आणि मी हसलो, कारण माझे हात कापत होते. माणसांसमोर दुसरं काय करणार?" त्यांनी मुलाच्या शिंगांकडे बघितलं. "आयुष्यभर अहो बाबा म्हणतोस आणि गाण्यात अरे तुरे?"

"गाण्यात कुणाला कळत नव्हतं."

"हं," बाबा म्हणाले.

त्यांनी गाडी रिकामी वर खाली दोनदा फिरवली, कान लावून ऐकलं, जबडे तपासले. तोपर्यंत चौघे जिन्यावर बसून होते, वर्गाबाहेर काढल्यासारखे. बाबा हात पुसत आले तेव्हा मावसबहीण उठली. तिला भीड हा प्रकारच ठाऊक नव्हता.

"काका, एक विचारू? आमचं एक माणूस आलं नाही. लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभं राहायचंय. मागे हे ओरडतील. तुम्ही हलायचं नाही, बस."

"अगं!" मास्तर ओरडला.

बाबांनी मुलाकडे बघितलं. मग शर्टाची चुकलेली बटणं नीट लावली. "उड्या मारायच्या नाहीत," ते म्हणाले आणि आत जाऊन उभे राहिले.

आता या गोष्टीत मेकॅनिकचे जे हाल झाले, त्यांची भरपाई नाही. समोर हातभर अंतरावर बाबांची मान. पांढरे बारीक केस, कॉलरवर ग्रीसचा जुना डाग. गाणं सुरू झालं. तोंड नुसतं हलवून भागत नाही, खरंच ओरडावं लागतं, नाहीतर गळ्याच्या शिरा फुगत नाहीत. त्याने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. सहा वर्षं तो ज्या आवाजामागे लपला होता, त्याच्या आरपार बघणारा माणूस समोर उभा होता. घशातून निघाली ती एक बारीक, पोरगेलशी 'बाबा' एवढीच हाक.

"कट! जोर लाव ना!"

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्याने शिंगं काढली. "मला जमत नाही," तो म्हणाला.

बाबा वळले नाहीत. दाराकडेच बघत ते म्हणाले, "ओरड. मला आता पाठ आहे."

मेकॅनिकने शिंगं परत चढवली आणि गाणं पुन्हा लागलं. आणि मेकॅनिक ओरडला. पोटातून, खड्ड्यातून, तिसरीतल्या त्या अंधारातून ओरडला. खाली उतर म्हणालास, उतरलो. बापाच्या मानेवर त्याची थुंकी उडत होती. पाना शोध म्हणालास, शोधला. मागे टोस्ट दात ओठ खात ड्रम बडवत होता. बाबा खांब उभा करावा तसे उभे, कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता आणि पापणी हलत नव्हती. तू हसलास. तुझे मित्र हसले. हसू येईल असंच ते दृश्य होतं. पुढे लोक हसलेही, पन्नासपेक्षा पुष्कळ जास्त लोक. खाली खोटे शब्द न घालता गाण्याचेच शब्द 'अरे तुरे' करत धावले, पण ते खरे होते, हे त्या चौघांना आणि बाबांना सोडून कुणाला कळलं नाही.

बाबा, दार उघड.

शेवटची ओळ. मेकॅनिकचा आवाज फाटला आणि पत्र्याच्या त्या पेटीत घुमत राहिला. बाबांचा हात वर आला. त्यांनी सावकाश पुठ्ठ्याची कड उचलली, 'हिशेबनीस' बाजूला सारला आणि दार उघडायचं बटण दाबलं. दार सरकलं. चौथ्या मजल्यावरचा दुपारचा उजेड एकदम आत आला.

"कट!" मावसबहीण किंचाळली. "काका, हलायचं नाही म्हटलं होतं!"

"तो उघड म्हणाला," बाबा म्हणाले.

ते बाहेर गेले, पिशवी उचलली आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबले. अजूनही त्यांनी मुलाकडे बघितलं नव्हतं. कॉलर ओली झाली होती, ती त्यांनी हाताने पुसली.

"फ्रिजवरचा कागद मी उद्या परत देऊन येतो. साहेबाला काय सांगायचं ते मी बघतो," ते म्हणाले. "हा स्पीकर मात्र तूच बदल. आजच."